लपवलेले डबे

आमचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले, आवाज चांगला, आणि संदेश वेळेत संपवतात म्हणून मंडळी त्यांच्यावर खूश. त्या रविवारी उतारा होता पाच भाकरी आणि दोन मासे यांचा, तेवढ्यात येशूने पाच हजारांना जेवू घातलं तो. साहेब म्हणाले, भाकरी वाढल्या हा खरा चमत्कार नव्हे, मनं मोठी झाली हा खरा चमत्कार. एवढ्या लांब रानात आलेले लोक रिकाम्या हाताने थोडेच येतील? प्रत्येकाने काहीतरी बांधून आणलं होतंच, पण शेजाऱ्याला द्यावं लागेल म्हणून झग्याखाली दडवलं होतं. एका पोराने आपली शिदोरी पुढे केली, तसे सगळेच शरमले आणि आपापले डबे उघडून बसले. म्हणून बारा टोपल्या उरल्या. पुढच्या बाकावरच्या कॉलेजातल्या मुली माना डोलवत होत्या. मलाही छान वाटलं. वाटून खावं, दडवू नये, यात न पटण्यासारखं काय आहे? पंख्यांची घरघर, कुणाच्या तरी केसांतल्या मोगऱ्याचा वास, आणि चमत्काराचं ओझं डोक्यावरून उतरल्याची सैलावलेली भावना, अशा अवस्थेत मी शेवटच्या गीताला उभी राहिले.

बाहेर पायऱ्यांवर चपला शोधता शोधता मावशी म्हणाली, "लपवायला डबा असावा लागतो गं." मग रिक्षा येईपर्यंत ती १९७२ च्या दुष्काळाचं बोलत राहिली. तेव्हा ती परकऱ्या वयातून नुकती बाहेर आलेली, पारनेर तालुक्यात दुष्काळी कामावर आईबरोबर खडी फोडायला जायची. लाल मिलोच्या कडक भाकरी, सरकारी सुकडी, हाताला आलेले फोड. दुपारच्या सुट्टीत बाया बाभळीखाली बसत, पण काहीजणी फडकं सोडतच नसत. "आम्हाला वाटायचं हिच्याकडे काहीतरी खास आहे, म्हणून दाखवत नाही. नंतर कळलं, फडक्यात काहीच नसायचं. ते नसणं दिसू नये म्हणून गाठ बांधून ठेवायची." एवढं सांगून तिने पाळकसाहेबांच्या संदेशाचा निकाल लावला: "आणि सगळ्यांनी घरूनच आणलं होतं, तर चौघांनी ही गोष्ट लिहून कशाला ठेवली?" पुनरुत्थान सोडलं तर मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत येणारा हा एकच चमत्कार आहे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर वाचून ते तिच्या लक्षात आलं होतं.

मला तिला उत्तर देता आलं नाही, आणि पाळकसाहेबांना ती चुकीची आहे असंही सांगता आलं नसतं.

डब्यांचं हे स्पष्टीकरण चांगलं दोनशे वर्षांचं जुनं आहे. हायडेलबर्गच्या प्राध्यापक पाउलुस यांनी १८२८ साली येशूचं चरित्र लिहिलं, त्यात जवळपास हेच आहे: गर्दीत पैसेवाले लोक होते, येशूने आपल्याजवळचं वाटायला घेतलं तसं त्यांनीही काढून दिलं. पाण्यावरून चालण्याचं काय? तो काठाकाठाने चालत होता, धुक्यामुळे शिष्यांना पाण्यावर दिसला. आज हे वाचताना हसू येतं, पण पाउलुस काही धर्माची टर उडवायला बसले नव्हते. विज्ञान शिकलेल्या माणसाला येशू सोडून द्यावा लागू नये, ही त्यांची तळमळ होती. सातच वर्षांनी श्ट्राउस नावाच्या सत्तावीस वर्षांच्या विद्वानाने चमत्कार शब्दशः खरे मानणाऱ्यांना आणि असे सोडवून टाकणाऱ्यांना एकाच पुस्तकात धुऊन काढलं. त्याचं म्हणणं, या ना धड घटना आहेत ना गैरसमज, या श्रद्धेतून जन्मलेल्या पुराणकथा आहेत. त्यापायी ट्युबिंगेनची नोकरी गेली. पण पाउलुस काही मेले नाहीत. ते दर पाच-दहा वर्षांनी कुठल्यातरी व्यासपीठावर उभे राहतातच, आणि त्या रविवारी आमच्याकडे उभे होते.

माझ्या पप्पांना हा संदेश फार आवडला असता. ते नगरला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सकाळी डार्विन, संध्याकाळी घरची प्रार्थना, आणि दोन्हींच्या मध्ये कुठे शिवण दिसू नये यासाठी चाललेलं त्यांचं वाचन. श्लायरमाखर हे नाव मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकलं, तेही भाजी निवडताना. १७९९ साली बर्लिनमधल्या कवी, तत्त्वज्ञ, धर्माकडे पाहून नाक मुरडणाऱ्या आपल्याच मित्रांना या तरुण पाळकाने सांगितलं की तुम्ही ज्याचा तिटकारा करता तो धर्मच नव्हे. मतं आणि नियम हे बाहेरचं. आत आहे एक जाणीव, अनंताची. आपण स्वतःच्या जोरावर उभे नाही, कुणावर तरी संपूर्ण विसंबून आहोत, असं तिचं वर्णन त्याने पुढे केलं. पुढे शंभर वर्षांनी बर्लिनच्याच हार्नाकने विद्यापीठातल्या सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानं दिली आणि येशूच्या शिकवणीचा गाभा काढून दाखवला: देवाचं राज्य, देवाचं पितृत्व आणि मानवी जिवाचं अमोल मोल, आणि प्रेमाची आज्ञा. बाकीचं टरफल. पप्पांना हे टरफल-दाण्याचं फार पटायचं. आम्ही शेंगा फोडत बसलो की ते हमखास हार्नाक काढायचे, आणि आई म्हणायची, टरफलं खाली टाकू नका, मला झाडावं लागतं.

श्लायरमाखर-हार्नाकच्या वळणाच्या या लिबरल, म्हणजे उदारमतवादी, मंडळींना आता 'पाणचट' म्हणायची फॅशन आहे, आणि ती मला आवडत नाही. आपल्याकडे या विचाराने काय केलं ते आपण विसरतो. जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, ते युनिटेरियन लोकांच्या मदतीने. म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणाऱ्या, ख्रिस्ती परिघाच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या उदारांच्या घरी हा प्रार्थना समाजाचा माणूस धर्म शिकला, १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानाविषयी निबंध वाचून परत आला, आणि १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उघडलं. सगळ्या धर्मांच्या तळाशी एकच अनुभव आहे, या श्रद्धेवर माणसाने उभं आयुष्य लावलं. पप्पा शिंद्यांचा फोटो येशूच्या चित्राशेजारी लावायचे. पाळकांनी एकदा हरकत घेतली तर म्हणाले, दोघांची ओळख होऊ द्या.

पण १९१४ मागे सोडून या विषयावर बोलता येत नाही. महायुद्ध सुरू झालं, आणि कैसरने जर्मन जनतेला केलेल्या आवाहनाचा मसुदा लिहिला तो हार्नाकनेच. ऑक्टोबरात त्र्याण्णव जर्मन विद्वानांनी लष्कराच्या पाठीशी उभं राहणारं पत्रक काढलं, त्यावरही त्याची सही. स्वित्झर्लंडमधल्या सफेनविल नावाच्या गिरणी कामगारांच्या गावात कार्ल बार्थ हा अठ्ठावीस वर्षांचा पाळक त्या सह्या वाचत होता, आणि त्यात त्याचे गुरुजन होते. मानवी जिवाचं मोल शिकवणारे लोक पहिल्याच धडकेत तोफांना आशीर्वाद देऊन मोकळे होतात, तर त्यांच्या शिकवणुकीतच काहीतरी सडलेलं असलं पाहिजे, असं त्याला वाटलं. देव म्हणजे आपल्या आतली सर्वात उदात्त जाणीव असेल, तर आपल्याला उदात्त वाटणारं काहीही देवाच्या नावावर खपवता येतं. आणि त्या ऑगस्टमध्ये जर्मनांना युद्ध फारच उदात्त वाटत होतं. माणसाविषयी आवाज चढवून बोललं म्हणजे देवाविषयी बोलणं होत नाही, हा बार्थचा टोमणा पुढे गाजला. रोमकरांस पत्रावरचं त्याचं भाष्य १९१९ मध्ये आलं, आणि १९२२ मध्ये त्याने ते सगळं नव्याने लिहून काढलं. पप्पांना बार्थ आवडत नसे. फार ओरडतो, म्हणायचे.

बार्थच्या पुढची पायरी मी पप्पांच्या माघारी चढले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हान्स फ्राय आणि जॉर्ज लिंडबेक हे दोघे सहकारी. त्यांच्याभोवती जमलेल्या विचाराला पोस्टलिबरल म्हणतात. (हल्ली अमेरिकी राजकारणात हे नाव वेगळ्याच लोकांनी उचललंय, त्यांच्याशी मला इथे कर्तव्य नाही.) फ्रायने १९७४ च्या पुस्तकात दाखवलं की अठराव्या शतकापासून बायबल वाचणाऱ्यांचे दोन तट पडले. एक म्हणतो, हे असंच्या असं घडलं, हे घ्या पुरावे. दुसरा म्हणतो, घडलं नसेल, पण अर्थ बघा किती सुंदर. दोघांचं भांडण कडाक्याचं, पण दोघांनीही हातातली गोष्ट खाली ठेवलेली असते. एकाला तिच्यामागची घटना हवी, दुसऱ्याला तिच्यातून काढलेला बोध. गोष्ट गोष्ट म्हणून, तिच्यातल्या माणसांसकट आणि टोपल्यांसकट, कुणालाच नको. हे वाचलं आणि मला मावशीचा प्रश्न आठवला: चौघांनी लिहून कशाला ठेवली? ती पुरावा मागत नव्हती. बोधालाही तिची ना नव्हती. गोष्ट हातातून काढून घेतली, एवढीच तिची तक्रार होती.

लिंडबेकचं पुस्तक १९८४ चं, लहानसं. तो म्हणतो, लिबरलांनी गाडी उलटी जुंपली. त्यांना वाटतं आत एक शब्दावाचूनचा अनुभव असतो, आणि धर्म त्याला वेगवेगळे कपडे चढवतो. खरं उलट आहे. आधी गोष्टी, स्तोत्रं, गुडघे टेकणं, जेवणाआधीची प्रार्थना. ती अंगात मुरली की मग विशिष्ट तऱ्हेचा अनुभव येणं शक्य होतं. धर्म भाषेसारखा शिकावा लागतो, आणि सिद्धान्त हे त्या भाषेचं व्याकरण. तो ल्यूथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट, निरीक्षक म्हणून कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला हजर होता. चारशे वर्षं भांडलेल्या दोन बाजूंना आपापलं न सोडता एकत्र कसं येता येईल, या व्यावहारिक काळजीतून हे व्याकरणाचं प्रकरण निघालं. मला ते पटलं, पण पुस्तकाच्या जोरावर नाही. पप्पा गेले तेव्हा कबरस्तानात माझ्या आत कुठलीही जाणीव नव्हती. विसंबून असण्याची नव्हती, दुःखाचीसुद्धा नव्हती. ऊन होतं, उकरलेल्या मातीचा कोरडा वास होता, आणि कुणीतरी तेविसावं स्तोत्र सुरू केलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही. माझं तोंड आपोआप हललं. भावना पुष्कळ दिवसांनी आली, आणि आली तीही त्या शब्दांच्या वाटेने. श्लायरमाखरच्या शिष्याची मी मुलगी, पण त्या दुपारी लिंडबेक बरोबर होता.

बरोबर होता, पण त्या दुपारपुरता की कायमचा, हे मला अजून ठरवता येत नाही.

कारण मावशी. हे लिहिताना मला तिला भोळीभाबडी भाविक आणि पाळकसाहेबांना पुस्तकी पंडित करून टाकण्याचा मोह होतोय, आणि ते खोटं होईल. गोष्टींची ही भाषा मावशीइतकी सफाईने बोलणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही. तरीही माझ्या चुलतभावाचं लग्न ठरत होतं, मुलगी आमच्याच चर्चची, गाणाऱ्यांच्या गटातली, तेव्हा पहिला प्रश्न मावशीनेच विचारला: ते लोक मूळचे कोण? तीन पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या दोन घरांमध्ये महार आणि मांग ही जुनी रेघ तिला स्पष्ट दिसत होती. लग्न झालं, पण ती जेवायला थांबली नाही. पाच हजारांना एकत्र बसवून जेवू घालणारी गोष्ट जिने हातातून सोडली नव्हती, तीच. लिंडबेकला हा धोका माहीत होता. त्याचंच उदाहरण आहे: धर्मयुद्धात काफराचं डोकं फोडताना 'ख्रिस्त हाच प्रभू' अशी आरोळी ठोकणाऱ्या सैनिकाच्या तोंडी ते वाक्य खोटं ठरतं, कारण त्या भाषेत प्रभू म्हणजे सेवा करणारा, मार खाणारा. शब्द बरोबर, वापर चुकीचा, म्हणून वाक्य खोटं. उत्तर चलाख आहे. पण वापर चुकीचा हे ठरवणार कोण? भाषा बोलणारी मंडळीच ना? आणि ती सगळीच तशी वापरत असली तर?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. गेऱ्हार्ड किटेल या जर्मन प्राध्यापकाने नव्या करारातल्या ग्रीक शब्दांचा अवाढव्य कोश संपादायला घेतला. एकेका शब्दावर पानंच्या पानं, जगभरच्या सेमिनऱ्यांत आजही वापरात. हा गृहस्थ १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला आणि त्याच वर्षी यहुद्यांचं काय करायचं यावर पुस्तिका लिहून मोकळा झाला. प्रेम, शेजारी, परका हे शब्द त्याच्याइतके कुणी उलटेपालटे करून पाहिले असतील? पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या बार्मेन शहरात बार्थच्या हातचा जाहीरनामा निघाला, की चर्चने ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कुणा पुढाऱ्याचा शब्द देवाचा म्हणून मानू नये. पण त्यालाही तितक्याच परंपरानिष्ठ ल्यूथरन विद्वानांनी विरोध केला, देवाने नेमलेली राष्ट्र आणि रक्ताची व्यवस्था पुढे करून. म्हणजे १९१४ ने लिबरलांना उघडं पाडलं म्हणायचं, तर १९३३ ने जुन्या शब्दांना घट्ट धरून बसणाऱ्यांनाही सोडलं नाही. पोस्टलिबरल लोक पहिली गोष्ट फार चवीने सांगतात. दुसरी सांगताना बार्मेनवर लवकर पोचतात.

आणखी एक गोष्ट मला चुटपुट लावते. श्लायरमाखर १७६८ मध्ये ब्रेस्लाउ शहरात जन्मला. हान्स फ्रायही ब्रेस्लाउचाच, १९२२ चा. म्हणजे लिबरल विचाराचा मूळपुरुष आणि त्याला उलटवू पाहणारा, दोघं एकाच गावचे. फ्राय यहुदी वंशाचा, बाप्तिस्मा झालेला. पण तेवढ्याने वाचण्यासारखे ते दिवस नव्हते, म्हणून आईबापांनी त्याला कोवळ्या वयात इंग्लंडला क्वेकरांच्या शाळेत धाडलं, आणि १९३८ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. तिथे तो शिकला काय, तर वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग, कारण शिष्यवृत्ती त्याचीच मिळाली. लिंडबेक तर चीनमध्ये लोयांगला जन्मला, मिशनरी आईबापांच्या पोटी, आणि सतराव्या वर्षापर्यंत तिथेच वाढला. एका गोष्टीत घर करून राहायचा सिद्धान्त मांडणारे हे दोघे मुळात घर सुटलेले. आणि ब्रेस्लाउ? १९४५ नंतर ते पोलंडचं व्रोत्सवाफ झालं, जर्मन बोलणारे काही वर्षांत तिथून हाकलले गेले. श्लायरमाखरच्या गावात त्याची भाषा उरली नाही. हे ध्यानात घेतलं की 'भाषा आधी, अनुभव नंतर' हे वाक्य मला थोडं वेगळं ऐकू येतं. ज्याची भाषा एकदा हिसकावली गेली, तो ती इतकी घट्ट धरेल यात नवल नाही. येलच्या या मंडळींवर सहकाऱ्यांनीच आरोप केला की तुम्ही चर्चचा गढीकोट करताय, बाहेरच्या जगाचा प्रश्न आत येऊच देत नाही. आरोप बराचसा खरा आहे. पण निर्वासित माणूस भिंती उंच का बांधतो, हे आरोप करणाऱ्यांनी विचारायला हवं होतं.

आमची अडचण याहून निराळी. मराठी ख्रिस्ती माणसाला एकच एक भाषा कधी मिळालीच नाही. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि तुकारामाने बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगत राहिले. 'उपासना संगीत' उघडलं की त्यांची पदं आणि इंग्रजी चालींवरची भाषांतरं एकाच जिल्दीत शेजारी शेजारी. पेटी, टाळ आणि ऑर्गन तिन्ही आमच्या चर्चात आहेत, आणि तिघांचा सूर कधीच जुळत नाही. गंमत म्हणजे तिकडे प्रार्थना समाजातही तेच. मूर्ती नको, पुराणं नकोत, अवतार नकोत म्हणणारी ती उदार मंडळी १८६७ पासून उपासनेला बसली, आणि गायला तोंड उघडलं तर बाहेर आला तुकाराम. विठ्ठलाला वगळायचं पण अभंग वगळवत नाही. तळाशी फक्त अनुभव आहे म्हणणाऱ्यांनाही उसन्या शब्दांवाचून उभं राहता आलं नाही, हे लिंडबेकच्या बाजूने. पण तेच अभंग वारकरी, समाजिस्ट आणि ख्रिस्ती तिघेही गातात किंवा त्यांच्या चालीवर आपले रचतात, तेव्हा ही भाषा नक्की कुणाच्या मालकीची, याला त्याच्याकडे जागा नाही. त्याच्या नकाशात प्रत्येक धर्माला आपापलं कुंपण आहे. आमच्या वाड्यात सगळ्यांचा नळ एकच होता.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर दोन्ही बाजूंना गोत्यात आणणारं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर पत्रांतून जे सुरू झालं त्याने सिस्टर बिचाऱ्या हैराण झाल्या. घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको? त्रैक्य मी कुणाच्या सांगण्यावरून मानू? एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली, ती लगेच दुसऱ्या जोखडात कशी देऊ? आधी व्याकरण गिरव मग बोल, असं म्हणणाऱ्या शाळेत ही विद्यार्थिनी टिकली नसती. पण म्हणून तिला लिबरलही म्हणता येत नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये हीच बाई साध्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणायला बसली आणि मरेपर्यंत त्या कामाला खिळून राहिली. शब्दांवर इतकं प्रेम आणि शब्दांच्या राखणदारांवर इतका अविश्वास, असं एकाच माणसात असू शकतं, याची तरतूद येलच्या तक्त्यात नाही.

मला या सगळ्यात सर्वात जवळचे वाटतात ते अरविंद निर्मळ. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र धर्मविचाराविषयी भाषण केलं, आणि पुढे दलित थिऑलॉजी म्हणून जे उभं राहिलं त्याची ती सुरुवात मानतात. त्यांचा रोख सरळ होता: भारतीय ख्रिस्ती विद्वान ब्रह्मसूत्रं आणि वेदान्ताशी संवाद करत बसले, पण चर्चातले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरून आले, त्यांची वेदना कुणाच्या पानावर नाही. इथपर्यंत हा अनुभवाचा आग्रह, म्हणजे लिबरलांच्या कुळातला. पण ती वेदना मांडायला त्यांनी घेतलं काय? बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातलं निवेदन. शेतकऱ्याने पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे आणायचं आणि म्हणायचं: माझा बाप भटका अरामी होता, मिसरात आम्हाला छळलं, आम्ही आरोळी मारली, देवाने ऐकलं आणि बाहेर काढलं. निर्मळ म्हणाले, दलित ख्रिस्त्याने आपली कुळकथा याच चालीवर सांगावी, कोण होतो ते न लपवता. म्हणजे एका दमात जग गोष्टीच्या आत घेतलं, जसं लिंडबेकला हवं होतं, आणि गोष्टीला जगाचा जाब द्यायला लावलं, जसं लिबरलांना हवं होतं. मावशी पायऱ्यांवर जे करत होती तेही हेच होतं. बहात्तरच्या दुष्काळाने तिला गोष्ट वाचता आली, आणि गोष्टीने तिला दुष्काळात काय चाललं होतं ते सांगता आलं. कुठलं आधी, हे तिला विचारायची सोय नाही. लग्नाच्या मांडवात मात्र तिने मूळ कोण ते न लपवण्याचा अगदी उलटा अर्थ केला.

तेच निवेदन जर्मन अभ्यासक फोन राड यांनी १९३८ मध्ये इस्राएलाचा छोटा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, म्हणून प्रसिद्धीला आणलं, आणि तेव्हापासून ते पाचव्या वचनापासून नवव्यापर्यंतच उतरवून घेतलं जातं. आम्ही कोण, कुठून आलो, कुणी सोडवलं, दुधामधाचा देश मिळाला, पूर्णविराम. पोस्टलिबरल पुस्तकांतही ते असंच भेटतं, कारण ओळख सांगायला तेवढं पुरतं. अध्याय मात्र पुढे चालूच आहे. अकराव्या वचनात सांगितलंय की हे म्हणून झालं की मिळालेल्या सगळ्या चांगल्याचा आनंद तू, धर्मसेवा करणारा लेवी आणि तुमच्यात राहणारा उपरी यांनी मिळून करायचा. बाराव्यात धान्याचा वाटा येतो, उपरी, पोरकी मुलं आणि विधवा पोटभर जेवतील इतका. आमच्याकडे सुगीच्या सणाला हाच अध्याय वाचतात. वेदीपुढे बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या, गुळाच्या ढेपा, आणि वाचन नवव्या वचनाला थांबतं. यंदा वाचन माझ्याकडे आहे. बाराव्यापर्यंत वाचते म्हणून कमिटीला सांगितलं, तर ते म्हणाले, बाई, तीन वचनांनी काय होतंय, पण मग या वस्तूंच्या लिलावाला उशीर होतो.